आजीला डिमेन्शिया आहे, गावात 'म्हातारचळ' म्हणतात. लोकांना काय सांगावं?

तुम्ही विचारलंय की डॉक्टरांनी आजीला डिमेन्शिया, म्हणजे मेंदू झिजून आठवण आणि समज कमी होत जाण्याचा आजार, सांगितला, पण गावात सगळे म्हातारचळच म्हणतात. तो शब्द चालू द्यावा का, आणि नाही तर लोकांना समजेल असं काय म्हणावं?

चालू देऊ नका. मी दर्यापूर तालुक्यातली, याच आजारात सासूबाईंचं सहा वर्षं केलं. दुपारी जेवण झालं की अर्ध्या तासात त्या ओसरीवर जाऊन बसायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाईला सांगायच्या, "सकायपासून पोटात अन्नाचा कण नाही वं. सून जेवालेच देत नाही." भाकरीचा चुरा अजून पदरावर असायचा. कोणी म्हणे "बुढी चयली", कोणी म्हणे "सोंग करते", आणि काहींनी माझ्याकडंच वाकड्या नजरेनं पाहिलं. यातला 'सोंग' हा शब्द सगळ्यात वाईट. पहिलं वर्षभर मीही तोच म्हणत होते. माणूस सोंग करतोय असं एकदा ठरवलं की आपण त्याच्यावर ओरडतो, त्याला दवाखान्यात नेत नाही.

म्हातारचळात चारित्र्यावर शिंतोडा आहे. म्हातारपणी ताळतंत्र सुटलेल्या, विशेषतः बायांकडं बघणाऱ्या म्हाताऱ्याला हा शब्द लावतात. पण मेंदूचा पुढचा भाग झिजला की संकोच, आवर हे सगळंच जातं. जन्मभर मान खाली घालून चाललेला माणूस चारचौघांत काहीही बोलून बसतो. तो त्याचा स्वभाव नव्हे.

'साठी बुद्धी नाठी'ही तसंच. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के मानतात, म्हणजे बहुतेकांची बुद्धी साठीनंतरही जागेवरच असते. उलट ज्यांच्या नावानं डिमेन्शियाचा एक प्रकार ओळखला जातो त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईचं दुखणं मांडलं, ती १९०१ मध्ये त्यांच्याकडं आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

'स्मृतिभ्रंश' शब्द कागदावर ठीक आहे, पण अपुरा आहे. सासूबाईंना चूल पेटवायची रीत सुटली, लुगडं नेसता येईना, घरातून न्हाणीघरात जायची दिशा कळेना. हे नुसतं विसरणं नाही. शिवाय गावात 'भ्रंश' ऐकला की लोकांना भ्रमिष्टच आठवतो.

जपानमध्ये या आजाराला पूर्वी 'चिहो' म्हणत, त्यात मूढपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारनं तो शब्द बदलून 'निन्चिशो' केला, म्हणजे आकलनाचा आजार. आपल्याकडं सरकारची वाट बघायची गरज नाही, घरापासून सुरुवात करता येते.

मी शब्द शोधायचं सोडलं आणि एक वाक्य धरलं: "बुढीच्या मेंदूले बिमारी झाली. जुनं राह्यते ध्यानात, आत्ताचं राहत नाही. ती खोटं बोलत नाही." शेवटचं वाक्य मुद्दाम, कारण भांडणं त्यावरूनच होतात. आळीतल्या प्रत्येक घरी, किराणावाल्याला, पिठाच्या गिरणीत हेच सांगितलं. एकदा सांगून भागत नाही, महिनाभर सांगावं लागलं. पुढं दुकानदार त्या तिसऱ्यांदा साखर घ्यायला आल्या की "काकू, साखर घरी पाठोली" म्हणू लागला आणि पोराबरोबर त्यांना परत धाडू लागला.

आजीसमोर मात्र तिच्याबद्दल काहीच बोलू नका, चांगलंसुद्धा. शब्द कळले नाहीत तरी आवाजातला वैताग कळतो. सासूबाई अशा वेळी पदराची गाठ सोडत-बांधत बसायच्या.

आणि एक गोष्ट. आजी दोन-तीन दिवसांत एकदम बदलली, बरळायला लागली, झापड आली, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. आमच्याकडं तसंच झालं आणि ते लघवीचं इन्फेक्शन निघालं, औषधानं आठ दिवसांत त्या आधीसारख्या झाल्या. रक्तातलं सोडियम उतरलं किंवा डोक्याला मार लागून रक्त साकळलं तरी असं होतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. आजीचं करणाऱ्या माणसाचंच मन थकलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं.