पॉम्पेईच्या भिंतींवरचे रंग दोन हजार वर्षं कसे टिकले? रोमन लोक रंगात काय मिसळायचे?

बहुतेक ठिकाणी काहीच नाही. तुम्ही विचारलंय की आपला डिस्टेंपर दोन पावसाळ्यांत पोपडे सोडतो आणि इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचा तो लाल रंग अजून तसाच, तर त्यांच्याकडे डिंक होता, सरस होता की अंड्याचा बलक. मी जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या कामात आहे त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. तर रंग म्हणजे बहुतेक वेळा रंगीत माती आणि पाणी एवढंच असायचं, खरी मेहनत आणि खरा पैसा जायचा खालच्या गिलाव्यात.

चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यायचा. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडक व्हायला लागतो, वर बारीक स्फटिकांची एक साय धरते आणि रंगाचे कण तिच्यात अडकून बसतात. पोपडा सुटायला रंगाचा वेगळा थरच नाही मग.

इ.स.पू. पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस म्हणून एक रोमन वास्तुतज्ज्ञ होता, त्याने बांधकामावर दहा खंड लिहिलेत आणि सातव्यात गिलाव्याची पूर्ण कृती आहे. आधी एक खरबरीत हात, त्यावर वाळू-चुन्याचे तीन थर, मग त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर, प्रत्येक वरचा थर आधीपेक्षा बारीक, आणि शेवटी ठोकून घोटून आरशासारखी चकाकी आणायची. चुना मुरला का नाही हे कसं बघायचं तेही सांगतो, विरवलेल्या चुन्यात कुदळीसारखं अवजार घालायचं, खडे लागले तर कच्चा, कोरडं स्वच्छ बाहेर आलं तर निःसत्त्व, आणि चिकट होऊन सरसासारखा धरून राहिला तर तयार. प्लिनी हा रोमन लेखक तर लिहितो की जुन्या कायद्याप्रमाणे ठेकेदाराने तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायचाच नाही. आज साइटवर तीन दिवस थांबायला कुणी तयार नसतं.

आता गंमत अशी की पॉम्पेईत भिंती तपासल्या तर सहा थर फार क्वचित सापडतात, बऱ्याच घरांत दोन-तीनवर काम भागवलंय. म्हणजे ठेकेदार तेव्हाही ठेकेदारच होते. पण ओलीची काळजी मात्र घ्यायचे, तळमजल्यावर जमिनीपासून साधारण तीन फूट वाळूऐवजी विटांची सुरखी चुन्यात घालायची आणि भिंत फारच ओली असेल तर मागे पोकळी राहील अशा बेताने कौलं लावून मग गिलावा, हेही व्हिट्रुव्हियसच सांगतो. तुमच्या घरचे पोपडे माझ्या मते रंगामुळे नाहीतच, ओल आहे. आधी ती कुठून येते ते बघा.

काम कसं चालायचं हे कळायला पॉम्पेईतलं एक घर फार भारी आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथे रंगारी काम करत होते आणि सगळं टाकून पळाले, म्हणून त्या घराला आता 'काम करणाऱ्या चित्रकारांचं घर' म्हणतात. रंगाची भांडी, चुन्याचा ढीग, अर्धवट भिंत, सगळं जागेवर. वरचा पट्टा रंगवून झालेला, मधल्या चित्राच्या जागी नुसत्या रेघांचं कच्चं रेखाटन, आणि खालचा भाग कोरा. कारण परांचीवरून वरून खाली यायचं आणि गिलावा ओला आहे तोवर उरकता येईल तेवढाच पट्टा लावायचा. दोरीचे ठसे, कंपासच्या खुणा आजही कितीतरी भिंतींवर दिसतात. एकाच भिंतीवर वेगवेगळ्या हातांचं काम असायचं, मोठे रंगीत चौकोन आणि नक्षी करणारे वेगळे, मधलं देवादिकांचं चित्र काढणारा वेगळा. इ.स. ३०१ च्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या दरपत्रकात भिंत रंगवणाऱ्याला रोजचे ७५ दिनार आणि चित्र काढणाऱ्याला १५० असा सरळ दुप्पट रेट आहे, वर जेवणखाण मालकाचं.

सगळंच ओल्यावर व्हायचं असं मात्र नाही. गिलावा सुकल्यावर वरून काढलेले बारीकसारीक तपशील असायचे, त्यात चिकटवण काहीतरी लागतंच, आणि ते भाग आज आधी झडतात. शेंदरी-लाल हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, तर सगळ्यात नाजूक आणि महाग, स्पेनहून यायचा. फॅबेरियस नावाच्या एका कारकुनाने हौसेने घराच्या उघड्या चौकाच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या आणि तीस दिवसांत उन्हाने काळ्या पडल्या, मग दुसरा रंग मारून घ्यावा लागला. व्हिट्रुव्हियसचा उपाय असा की वर मेण आणि थोडं तेल लावायचं, कोळशाच्या शेगडीने भिंत तापवून ते मुरवायचं आणि कापडाने घासून चमक आणायची.

उठावाचं काम, म्हणजे स्टुको, ते तर माझं जास्त आवडतं. जुन्या घरांत ओल्या गिलाव्यात चिरे कोरून वर रंग देऊन चक्क महागड्या संगमरवराची नक्कल करायचे. पुढे छतांवर आकृत्या हाताने आणि अवजाराने झटपट घडवायच्या, कारण चुना थांबत नाही, आणि किनारीची नक्षी मात्र लाकडी ठशाने उमटवायची, नीट बघितलं तर दोन ठशांचे सांधे दिसतात. पॉम्पेईच्या स्टेबियन स्नानगृहात हे काम आहे, आणि रोममध्ये पोर्ता माज्जोरे या वेशीजवळ १९१७ मध्ये सापडलेल्या जमिनीखालच्या सभागृहाचं छत म्हणजे पांढऱ्या स्टुकोचा कळस.

टिकण्याचं सगळं श्रेय चुन्याला देऊ नका हां. राखेखाली ऊन, वारा, पाऊस काही लागलं नाही हे मोठं कारण. उलट त्या गरम राखेनेच काही भिंतींवरची पिवळी माती लाल झाली, म्हणजे तुम्ही बघताय तो प्रत्येक लाल मुळात लाल असेलच असं नाही. उघडं पडल्यावर याच भिंती खराब व्हायला लागल्या, आणि २०१० मध्ये तर ग्लॅडिएटर्सची म्हणून ओळखली जाणारी एक इमारतच कोसळली.

आणि अजिंठा आणि हे एकच तंत्र का, असं खाली विचारण्याआधी सांगून टाकतो, नाही. तिथे माती, बारीक खडी आणि तूस-गवताचे धागे कालवलेला लेप, वर पातळ पांढरा थर, आणि तो सुकल्यावर चिकटवण घातलेले रंग.

घरी करून बघायचं असेल तर सिमेंटच्या प्लास्टरवर किंवा पीओपीवर जमणार नाही, चुन्याचाच गिलावा लागेल. गेरू, पिवळी माती, काजळी चालतात. फुलापानांचे रंग चुना खाऊन टाकतो, आणि हळदीचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.