ओपीटीवरचा मुलगा ठेवायचाय, पण पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी पत्रं बहुतेक अमेरिकेतनं आलीत आणि विषय एकच, तिथे शिकून ओपीटीवर, म्हणजे शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, असलेल्या आपल्या मुलांना नोकरी द्यायची तर व्हिसाचं काय करायचं. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं छोट्या कंपन्यांचं पेरोल आणि भरतीचं काम बघते. मी वकील नाही, त्यामुळे अर्ज भरताना वकील घ्याच, पण वकिलाकडे जायच्या आधी काय माहीत असायला हवं ते मी सांगू शकते.

प्रश्न : ताई, आमची एडिसनमध्ये छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, सगळे मिळून १४ जण. मंडळाच्या ओळखीतून पुण्याचा एक मुलगा आलाय, कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स मे २०२६ मध्ये संपतंय, इंटरव्ह्यू फार चांगला झाला. पण पार्टनर म्हणतो व्हिसाच्या भानगडीत पडायचं नाही, आता लाख डॉलर भरावे लागतात. आम्ही काय करावं?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : दादा, आधी ते लाख डॉलरचं भूत उतरवूया, कारण त्या एका बातमीमुळे कितीतरी चांगल्या मुलांचे रेझ्युमे न वाचताच बाजूला पडतायत. २१ सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-१बी (मालकाने अर्ज करून मिळणारा कुशल नोकरीचा व्हिसा) अर्जांवर १,००,००० डॉलरची अट आली हे खरं आहे, पण ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की जो माणूस अमेरिकेतच कायदेशीर राहतोय आणि इथल्या इथे स्टेटस, म्हणजे व्हिसाचा प्रकार, बदलून घेतोय त्याला ती लागू नाही. तुमचा मुलगा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, इथेच आहे. म्हणजे त्याच्यासाठी अर्ज करताना स्टेटस बदल मागायचा, आणि तो अर्ज चालू असताना त्याने देशाबाहेर जायचं नाही. भावाचं लग्न असलं तरी नाही, कारण बाहेर पडला की स्टेटस बदलाची मागणी सोडून दिली असं धरतात आणि मग ते लाख डॉलर खरोखर मानगुटीवर बसू शकतात. हे त्याला ऑफर देतानाच सांगा.

आता क्रमाने. पहिले १२ महिने ओपीटी. यात तुम्हाला जवळजवळ काहीच करायचं नाही, अर्ज तो करतो, फी तो भरतो, कामाच्या परवानगीचं कार्ड त्याच्या नावावर येतं. तुम्ही फक्त नेहमीसारखा आय-९, म्हणजे कामाची परवानगी तपासल्याचा फॉर्म, भरायचा. कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख सुरू झाल्याशिवाय कामावर बसवायचं नाही, एक दिवस "नुसतं बघायला" सुद्धा नाही. आणि लक्षात घ्या, ओपीटी सुरू झाल्यावर बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच त्याच्याकडे असतात, तेव्हा "पुढच्या महिन्यात कळवतो" म्हणत त्याला लटकवून ठेवू नका, तुमचा महिना म्हणजे त्याचा एक तृतीयांश वेळ.

त्यानंतर कॉम्प्युटर सायन्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येतं म्हणून आणखी २४ महिने मिळतात. इथे मात्र तुमचं काम सुरू होतं आणि छोट्या कंपन्यांचं घोडं इथेच अडतं. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे नव्या माणसाची कामाची परवानगी ऑनलाइन तपासायच्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली पाहिजे. नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते, पण एकदा नोंदलं की त्यापुढे येणारा प्रत्येक नवा माणूस त्यातून तपासावा लागतो, फक्त हा एकटा नाही, आणि जुन्या लोकांना मात्र तपासायचं नाही. मी एका ठिकाणी होते तिथे सगळ्यांना वाटत होतं की आपण नोंदलेलो आहोत, एका मुलीचं ओपीटी संपायला नऊ दिवस उरले तेव्हा कळलं की नाही, मग रात्री बसून नोंदणी केली, कॉलेजकडून नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) मिळवायला त्या मुलीने खेटे घातले आणि ओपीटी संपायच्या आदल्या दिवशी अर्ज गेला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. अर्ज ओपीटी संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, तर तेव्हाच करा. वेळेत गेला तर निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त १८० दिवस, मुलगा काम चालू ठेवू शकतो.

दुसरा कागद आय-९८३, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. हा कुठूनतरी कॉपी करून टाकायचा कागद नाहीये. त्यात तो काय शिकणार, कोण शिकवणार, पगार किती, कामाचा त्याच्या डिग्रीशी संबंध काय हे लिहून तुम्ही सही करता, आणि सरकारी माणूस ऑफिसात येऊन बघू शकतो. आठवड्याला किमान २० तास, बिनपगारी चालत नाही, आणि पगार त्याच कामावरच्या अमेरिकन माणसाच्या बरोबरीचा हवा. त्याने नोकरी सोडली किंवा तुम्ही काढलंत तर कामकाजाच्या ५ दिवसांत कॉलेजला कळवायचं.

एक फायद्याची गोष्ट जी पार्टनरला नक्की सांगा. एफ-१ वर आलेल्याला साधारण पहिली ५ कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे पगारावरचे कर लागत नाहीत, त्याचे ७.६५ टक्के वाचतात आणि तुमचेही तेवढेच. तो ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा आला असेल तर २०२४ ते २०२८. पण पेरोलच्या सॉफ्टवेअरला हे सांगितलं नाही तर ते गुपचूप कापतं, आणि मग परत मिळवायची उस्तवार तुमचीच. एच-१बी सुरू झाला की त्या दिवसापासून कापायचं.

आता एच-१बी, आणि इथे माझा तुम्हाला अगदी कळकळीचा सल्ला आहे : पहिल्याच मार्चच्या नोंदणीत, म्हणजे व्हिसाच्या ड्रॉमध्ये, त्याचं नाव टाका. बहुतेक मालक म्हणतात, तीन वर्षं आहेत ना, बघू मुलगा कसा निघतो, आणि तिसऱ्या वर्षी धावपळ करतात. समजा ओपीटी १ जुलै २०२६ ला सुरू झालं, स्टेम धरून ३० जून २०२९ पर्यंत चालेल, म्हणजे मार्च २०२७, २०२८ आणि २०२९ असे तीन ड्रॉ. दोन सोडून दिलेत तर तुम्ही त्याच्या नशिबातल्या दोन चिठ्ठ्या फाडल्यात. वर्षाला कोटा ६५,००० चा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना वेगळे २०,०००, तोही सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठातनं केलं असेल तरच, हे तपासून घ्या. नोंदणीची फी २१५ डॉलर. नाव लागलं तरच पुढचा खर्च, तुमच्यासारख्या २५ पेक्षा कमी लोकांच्या कंपनीला सरकारी फी साधारण अशी : अर्जाचे ४६०, असायलम प्रोग्रामचे ३००, ट्रेनिंग फीचे ७५० आणि फ्रॉड फीचे ५००, म्हणजे २,०१० डॉलर, वर वकील. सगळ्यात आधी लेबर खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचं हमीपत्र, मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला आठवडाभर धरा.

२०२६ च्या नोंदणीपासून ड्रॉसुद्धा बदललाय. आता सरकारने त्या कामासाठी ठरवलेल्या पगाराच्या चार पातळ्यांप्रमाणे चिठ्ठ्या मिळतात, पहिल्या पातळीला एक, चौथीला चार. नव्या मुलाला आपण सगळ्यात खालच्या पातळीवर बसवतो ना, तिथेच त्याची संधी कमी होते. दुसऱ्या वर्षी त्याचं काम वाढलं असेल तर पगारही वाढवा आणि त्या वरच्या पातळीवर नाव टाका. मला हा नियम नव्याने शिकून आलेल्यांवर अन्यायाचा वाटतो, पण आहे तो असा आहे.

नाव लागलं आणि ओपीटी मध्येच संपत असेल तर घाबरू नका. अर्ज वेळेत गेलेला असेल तर काम करायची परवानगी पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत किंवा एच-१बी सुरू होईपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत वाढते. पूर्वी ही मुदत १ ऑक्टोबरलाच संपायची आणि मुलं घरी बसायची, २०२५ च्या जानेवारीपासून ती वाढवली हे फार चांगलं झालं.

प्रश्न : माझी इव्हेंट मॅनेजमेंटची छोटी फर्म आहे. मार्केटिंगमध्ये मास्टर्स केलेली नाशिकची मुलगी घ्यायचीये. तिला तीन वर्षं मिळणार नाहीत असं कळलं, खरं का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : आधी तिच्या आय-२० वरचा कोर्सचा कोड बघा, कोर्सच्या नावावर जाऊ नका, बिझनेस अॅनॅलिटिक्ससारखे काही कोर्स स्टेममध्ये धरलेत. कोड स्टेमचा नसेल तरी विचारा की तिने आधी अमेरिकेतच एखादी स्टेम डिग्री घेतलीये का. गेल्या १० वर्षांतली असेल आणि काम त्या डिग्रीशी जुळत असेल तर त्या डिग्रीवर २४ महिने मिळू शकतात. भारतातली इंजिनिअरिंगची डिग्री यात चालत नाही. दोन्ही नसेल तर एक वर्ष आणि बहुधा एकच मार्च. तरीही घ्या, पण पहिल्या दिवशी समोर बसून सांगा की एकच संधी आहे आणि आम्ही ती वापरणार आहोत की नाही. ताकास तूर लागू न देता वर्ष काढायचं आणि फेब्रुवारीत हात वर करायचे हे मी खूप पाहिलंय, ते करू नका. आणखी एक, इव्हेंट कोऑर्डिनेटर या पदाला अमुक डिग्रीच लागते हे एच-१बीला पटवणं अवघड जातं, तर तिचं काम खरंच मार्केट रिसर्चचं असेल तर तसंच पद द्या, आणि नसेल तर खोटं लिहू नका.

प्रश्न : कंपनी म्हणते एच-१बी करतो पण सगळा खर्च तू दे, पगारातून कापू. हे चालतं का?
— एक विद्यार्थिनी, डॅलस

उत्तर : नाही गं. ट्रेनिंग फी तर मालकानेच भरायची, कुठल्याही वाटेने तुझ्याकडून घ्यायची नाही. वकिलाचे आणि बाकीचे अर्जाचे पैसे हा धंद्याचा खर्च धरतात आणि ते कापून तुझा पगार ठरलेल्या किमान रकमेखाली गेला तर तेही बेकायदेशीर. मालक मंडळींनीही हे वाचा. आणि एच-१बी मिळाल्यावर प्रोजेक्ट नाही म्हणून घरी बसवून पगार थांबवता येत नाही. जी कंपनी पहिल्या दिवशी पैसे मागते ती पुढे कशी वागेल याचा विचार कर.

प्रश्न : नाव लागलंच नाही तर मुलाला आमच्या पुण्याच्या ऑफिसात पाठवू का?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : हो, हा खरा मार्ग आहे. पुण्याची कंपनी तुमचीच असेल तर तिथे सलग एक वर्ष काम करून तो एल-१ वर, म्हणजे कंपनीच्या परदेशी ऑफिसातून बदलीवर येण्याच्या व्हिसावर, येऊ शकतो, त्याला कोटा नाही. पण साधा प्रोग्रामर एल-१ला चालत नाही, तुमच्या प्रॉडक्टचं खास ज्ञान लागतं किंवा मॅनेजरचं पद. आणि तिकडून नवा एच-१बी मागायचा तर मात्र ते लाख डॉलर लागू शकतात. पाठवण्याआधी आणखी एक बघा, जवळच्या एखाद्या विद्यापीठाला किंवा ना-नफा संशोधन संस्थेला तो हवाय का, त्यांना कोटा लागत नाही, वर्षातून कधीही अर्ज करता येतो. तुमच्याकडून मुलगा जाईल, पण राहील.