रोज पीत नाही, मग धोका कसला?

प्रश्न : मी सैन्यात आहे. रोज पीत नाही, पण सुट्टीच्या रात्री मित्रांबरोबर भरपूर होते. हे व्यसन आहे का?

व्यसन नसेलही, पण ते लागेपर्यंत वाट कशाला पाहायची? एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा जास्त शुद्ध अल्कोहोल म्हणजे अति पिणं, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. 30 मिली व्हिस्कीत ते साधारण 10 ग्रॅम असतं आणि तेवढं उतरायला शरीराला तासभर तरी लागतो. रात्री असे दहा पेग झाले, तर पहाटे हत्यार हातात घेताना रक्तात दारू असतेच. गार पाण्याची अंघोळ किंवा कडक कॉफी ती उतरवत नाही.

याच संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी प्रामाणिकपणे सोडवा. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटा. या टप्प्यावर पाच-दहा मिनिटांच्या मोकळ्या बोलण्यानंही अनेकांचं पिणं कमी होतं.

प्रश्न : मोहिमेवरून परतल्यापासून हे झोप यावी म्हणून रोज पितात. आता एका दिवसात सोडतो म्हणतात. सोडू द्यावं का?

ताई, रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. त्यांचा निर्धार मोलाचा आहे, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पडू द्या.

दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. दचकून उठणं, तीच दृश्यं पुन्हा दिसणं, आवाजानं बिथरणं असं काही आहे का, ते डॉक्टरांना जरूर सांगा. हा आघातानंतरचा ताण असू शकतो. आधी दारू सोडा, मग मनाचं बघू, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. दोन्हींचे उपचार एकत्र करता येतात.

प्रश्न : मी तुकडीप्रमुख आहे. शिक्षा केली की जवान लपून पितात. काय करू?

नियम मोडला तर कारवाई होणारच. पण स्वतःहून मदत मागणाऱ्याला तीच वागणूक मिळाली, तर पुढचा कोणी तोंड उघडणार नाही. नोंद कोण पाहणार, बढतीवर परिणाम होणार का, हे नियमांनुसार आधीच स्पष्ट सांगा. बाकीचे आपल्यापेक्षा जास्त पितात असा बहुतेकांचा समज असतो. निनावी पाहणी करून खरे आकडे तुकडीसमोर ठेवा. समारंभात ‘नको’ म्हणणाऱ्याला कोणी आग्रह करणार नाही हे तुम्हीच बघा, आणि तुमच्या हातातही कधी सरबत दिसू द्या. परंपरा बदलतात. ब्रिटिश नौदलानं शतकांची रोजची रम 31 जुलै 1970 ला बंद केली.

प्रश्न : दारू सोडवायची गोळी न सांगता जेवणातून द्यावी का?

अजिबात नाही. अशी एक गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, पण तीसुद्धा पिणाऱ्याला सांगून, डॉक्टरांनी तपासल्यावरच.