पॉलिग्राफच्या खोलीत जाण्याआधी

अगं, संशयिताची चाचणी तू घेणार आहेस, तर हे यंत्र खोटं पकडत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. छातीभोवतीची नळी श्वास टिपते, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी, बोटांना लावलेले सेन्सर घाम. बस्स. घाबरलेल्या निरपराध माणसाचाही आलेख उसळतो आणि निर्ढावलेल्याचा शांत राहू शकतो.

म्हणून खरी मेहनत प्रश्नांवर घे. ‘चोरी केलीस का?’ यापेक्षा चोरालाच ठाऊक असेल असा तपशील शोध. पैसे पिठाच्या डब्यात होते, गादीखाली की देवघरात? तपास अधिकाऱ्याने ते संशयितासमोर आधीच बोलून दाखवलं असेल (आणि बरेचदा दाखवलेलं असतंच!) तर प्रश्न वाया गेला.

संमतीचा कागद स्वतः वाच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालानंतर जबरदस्तीने चाचणी करता येत नाही. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेली हवी. चाचणीचा निकाल पुरावा ठरत नाही, मात्र स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून सुरीचा पत्ता लागला, तर ती सुरी कोर्टात मांडता येते.

अहवालात ‘खोटं बोलला’ असं लिहू नकोस. ‘अमुक प्रश्नाला प्रतिसाद तीव्र’, एवढंच. साहेब फोन करून ‘हो की नाही तेवढं सांगा’ म्हणतील. तरीही.