भाषांचा आलेख ठेवू पाहणाऱ्या नवख्यास पत्र

प्रिय,

प्रोग्रामिंगच्या भाषांची लोकप्रियता दर महिन्याला स्वतः टिपून ठेवायचं तू मनावर घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. तयार क्रमवाऱ्या भरपूर आहेत, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत, हे मोजायला बसल्यावरच नीट उमगतं.

लोकप्रियता कुठे साठवलेली नसते. माणसं शोध घेतात, प्रश्न विचारतात, कोड पाठवतात, लायब्ररी (तयार कोडचे संच) उतरवून घेतात, नोकरीच्या जाहिराती देतात. यातली एखादी कृती आपण मोजतो आणि तिला लोकप्रियता म्हणतो. म्हणून कोणताही आकडा समोर आला की आधी विचार: इथे कोणाची, कोणती कृती मोजली आहे?

टायोबी निर्देशांक २००१ पासून चालू आहे. भाषेचं नाव आणि ‘प्रोग्रामिंग’ हा शब्द जोडून शोधल्यावर शोधयंत्रांना किती पानं सापडतात, यावर तो उभा आहे. जुनी पानं वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात, आणि शोधयंत्र सांगतं तो पानांचा आकडा अंदाजी असतो. त्यामुळे यादीच्या खालच्या भागात एखादी भाषा महिन्याभरात पाच पायऱ्या चढली, तर जगात काही घडलंच असेल असं नाही. पीवायपीएल हा दुसरा निर्देशांक गूगल ट्रेंड्सवर (कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेवर) भाषेच्या नावासह ‘ट्यूटोरियल’ किती शोधलं गेलं ते बघतो, म्हणजे तो शिकणाऱ्यांना मोजतो. वीस वर्षं सी लिहिणारा माणूस सीचं ट्यूटोरियल कशाला शोधेल? पीवायपीएलमध्ये पायथनने जावाला २०१८ मध्ये मागे टाकलं, तर टायोबीत पायथन पहिल्यांदा अव्वल आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आधी शिकणारे वाढले, पानं मागाहून साचली.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटची वार्षिक पाहणी २०११ पासून होते. तिच्यात रस्ट २०१६ पासून सातत्याने सर्वांत आवडती भाषा ठरली, पण ती टक्केवारी रस्ट वापरणाऱ्यांपैकी पुढेही ती वापरू इच्छिणाऱ्यांची आहे. तिला वापराचा आकडा समजणारे लेख तुला ढिगाने सापडतील.

तू स्वतः मोजायला घेशील तेव्हा दोन किंवा तीनच स्रोत निवड, आणि ते वेगवेगळ्या कृतींचे असू देत. सगळे मिसळून एकच निर्देशांक करायचा मोह टाळ. कोणत्या स्रोताला किती वजन द्यायचं हे आपण ठरवतो, आणि पहिल्या पाचांची क्रमवारी त्या वजनांनीच ठरते.

पहिला स्रोत गूगल ट्रेंड्स. तिथे एका वेळी मोजक्याच संज्ञांची तुलना होते आणि सर्वांत वरच्या बिंदूला १०० धरून बाकीचे पूर्णांकात येतात. वीस भाषा मोजायच्या तर प्रत्येक गटात एक समान भाषा ठेवून तिच्या प्रमाणात बाकीचे गट जुळवावे लागतात. ही समान भाषा मधल्या वजनाची निवड. पायथन घेतलीस तर लहान भाषा ० आणि १ मध्येच अडकतील आणि पूर्णांकाच्या चुकीने सगळं गुणोत्तर बिघडेल. ‘गो’, ‘स्विफ्ट’, ‘रस्ट’, ‘रूबी’ हे शब्द साधे शोधलेस तर खेळ, गायिका, गंज आणि रत्नं सगळीच मोजली जातील, म्हणून सूचनांमधून ‘प्रोग्रामिंग भाषा’ हा विषयच निवड. आकडे नमुन्यावर आधारलेले असल्याने तोच प्रश्न उद्या विचारला तर उत्तर थोडं हलतं. वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा आकडे घेऊन सरासरी काढ. आणि जुन्या मालिकेच्या टोकाला नवा महिना कधीही चिकटवू नकोस. १०० चा बिंदू बदलला की मागचं सगळं बदलतं, म्हणून दर वेळी पूर्ण मालिका नव्याने उतरवून घे.

दुसरा स्रोत स्टॅक ओव्हरफ्लोचे टॅग, म्हणजे प्रश्नांना लावलेली विषयांची लेबलं. स्टॅक एक्सचेंज डेटा एक्सप्लोरर या तिथल्या डेटाच्या साधनात एसक्यूएल (डेटाला प्रश्न विचारायची भाषा) लिहून महिन्यागणिक प्रश्न मोजता येतात. पोस्टचा प्रकार १ म्हणजे प्रश्न, हा निकष विसरलास तर उत्तरंही त्यात येतील. एका प्रश्नाला पाचपर्यंत टॅग असतात, म्हणून भाषांच्या टक्क्यांची बेरीज १०० होईल अशी अपेक्षा धरू नकोस. इथला खरा फसवा भाग वेगळाच आहे. दुर्लक्षित, नकारात्मक गुणांचे प्रश्न काही काळाने आपोआप काढून टाकले जातात. त्यामुळे ताजे महिने जुन्या महिन्यांपेक्षा भरलेले दिसतात आणि पुढे हळूहळू आटतात. उपाय सोपा आहे: महिना संपल्यावर ठरावीक दिवसांनी आकडा घे, तारखेसह गोठवून ठेव, आणि सारख्या वयाच्या आकड्यांचीच एकमेकांशी तुलना कर.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर या साइटवरचे प्रश्न सगळ्याच भाषांत झपाट्याने घटले. नुसता आकडा पाहशील तर प्रत्येक भाषा मरणपंथाला लागल्यासारखी वाटेल. एकूण प्रश्नांतला वाटा पाहिलास तर तोही फसवतो, कारण ज्या भाषेचे जाणकार यंत्राला विचारायला आधी वळले, तिचा वाटा कमी होणार. माझ्या मते २०२२ नंतरची ही मालिका वेगळी धरावी आणि आलेखात तिथे उभी रेघ मारावी.

तिसरा स्रोत गिटहब, म्हणजे प्रकल्पांचं कोड जिथे ठेवतात ती साइट. जीएच आर्काइव्ह फेब्रुवारी २०११ पासून तिथल्या सार्वजनिक घडामोडी तासातासाने साठवतो आणि त्या बिगक्वेरी या गूगलच्या डेटा सेवेत चौकशीला उपलब्ध आहेत. तिथे वाचलेल्या डेटाप्रमाणे आकारणी होते, म्हणून लागतील तेवढेच रकाने माग; सगळे रकाने मागणारी एक चौकशी महिन्याचा मोफत कोटा संपवू शकते. २०१५ च्या सुरुवातीला नोंदींचा साचा बदलला आहे, तिथे जोड दिसेल. पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) मोजण्याऐवजी त्या पाठवणारी वेगवेगळी खाती मोज. प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररी अद्ययावत करणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडतात. त्यांच्या खात्यांची नावं बहुधा ‘बॉट’ने संपतात, ती आधी गाळ.

भाषा ओळखण्याचं काम गिटहबवर लिंग्विस्ट नावाचा प्रोग्राम करतो, आणि तो बाइट मोजतो. प्रकल्पाची मुख्य भाषा सी प्लस प्लस असली म्हणजे आलेला बदल सी प्लस प्लसमध्येच असेल असं नाही. नावाच्या शेवटी डॉट एच हे शेपूट असलेली फाइल सी, सी प्लस प्लस किंवा ऑब्जेक्टिव्ह-सी यांपैकी कशाचीही असू शकते. डॉट एम ऑब्जेक्टिव्ह-सीची असते तशी मॅटलॅबचीही. डॉट टीएसचं प्रकरण तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाइपस्क्रिप्ट ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली, पण क्यूटी या साधनसंचाच्या भाषांतराच्या फाइल त्याआधीपासून हेच शेपूट वापरत होत्या. नुसत्या शेपटावरून मोजणाऱ्या एका संशोधनात त्या टाइपस्क्रिप्ट म्हणून मोजल्या गेल्या, आणि पुढे फेरतपासणीत ते उघड झालं. भाषेच्या जन्माआधीची तिची नोंद दिसली की थांब आणि वीस-तीस फाइल उघडून बघ.

लायब्ररींच्या डाउनलोडचा नाद सध्या नको. एनपीएम (जावास्क्रिप्ट) आणि पायपीआय (पायथन) या लायब्ररींच्या भांडारांचे आकडे प्रचंड दिसतात, पण त्यात चाचण्या चालवणारे सर्व्हर आणि प्रतिकृती ठेवणारी यंत्रं मोठ्या प्रमाणात असतात. शिवाय सीला असं मध्यवर्ती भांडारच नाही, मग ती मोजायची कशी?

नोकरीच्या जाहिराती मात्र कधीतरी जरूर घे, कारण पैसे कुठे आहेत ते त्यातून दिसतं. तिथे शब्द जुळवताना जपावं लागतं. ‘जावा’ शोधलं की जावास्क्रिप्ट सापडते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरातले साचे शोधायच्या पद्धतीतली) शब्दसीमा लावूनही सी शोधताना सी प्लस प्लस आणि सी शार्प सापडतात, कारण अधिकचं आणि शार्पचं चिन्ह शब्दाचा भाग धरलं जात नाही. म्हणून सीच्या पुढे ही चिन्हं नसावीत अशी अट वेगळी लिहावी लागते. एकच जागा चार एजन्सींनी छापलेली असते, तीही एकदाच मोज.

नोंदवहीत हे रकाने ठेव: महिना, आकडा घेतल्याची तारीख, भाषा, स्रोत, मोजलेली कृती, कच्चा आकडा, त्या महिन्याचा एकूण आकडा, टिपण. एकूण आकडा कधीही गाळू नकोस. १०,००० पैकी १,००० म्हणजे १० टक्के. पुढच्या वर्षी २०,००० पैकी १,२०० म्हणजे ६ टक्के. भाषा वाढली आणि वाटा घटला, दोन्ही खरं. कोबोल या जुन्या भाषेचं यापुढचं आहे: बँकांच्या यंत्रणांत तिचं कोड खूप आहे, पण नवे प्रश्न नाहीत, नवे प्रकल्प नाहीत, म्हणून वरच्या कोणत्याच स्रोतात ती पुरती दिसत नाही.

आलेख काढताना अपुरा महिना वगळ, नाहीतर प्रत्येक रेषेचं टोक खाली कोसळलेलं दिसेल. सुट्ट्या आणि परीक्षांमुळे विद्यार्थ्यांच्या भाषा ठरावीक महिन्यांत चढतात-उतरतात, म्हणून बारा महिन्यांची सरकती सरासरी घे किंवा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघ. लहान-मोठ्या भाषा एकत्र दाखवायच्या तर लॉग प्रमाण (दर टप्प्याला समान पटीने वाढणारं) वापर. जून २०१४ मध्ये स्विफ्ट जाहीर झाली, मे २०१७ मध्ये अँड्रॉइडने कॉटलिनला अधिकृत स्थान दिलं. अशा तारखा आलेखावर टिपून ठेव, वळणं वाचायला त्या कामी येतात.

‘ही भाषा खरंच वाढतेय का?’ असं कोणी विचारलं तर दोन स्वतंत्र स्रोतांत किमान दोन वर्षं एकच दिशा दिसल्याशिवाय हो म्हणू नकोस. क्रमांक सांगूच नकोस, वाटा आणि त्याची दिशा सांग.

पहिल्या महिन्यात सहाच भाषा आणि एकच स्रोत घे. स्टॅक ओव्हरफ्लोपासून सुरुवात केलीस तर उत्तम. तिथे मागची सगळी वर्षं एकाच चौकशीत मिळतात. चौकशीचा मजकूर आणि कच्ची फाइल दोन्ही पाठव, टॅगांचे निकष आधी तपासू आणि मगच आलेखाकडे वळू.

तुझा,
एक जुना सहकारी