दिवाळी अंकांची सुतळी

नाशिकहून एका एकसष्ट वर्षांच्या वाचकांनी लिहिलेले पत्र बरेच मोठे आहे, म्हणून त्यातील मुख्य भाग तेवढा येथे देते.

“वडिलांच्या ट्रंकेत ‘किर्लोस्कर’, ‘हंस’ आणि ‘मोहिनी’चे काही जुने दिवाळी अंक होते. तेथून माझा छंद सुरू झाला. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत जेथे बदली झाली तेथील रद्दीची दुकाने मी पालथी घातली आणि आज माझ्याकडे साडेआठशेच्या वर अंक आहेत. प्रत्येकाची नोंद रजिस्टरमध्ये आहे, आणि नोंद झाल्याशिवाय अंक कोणी हाताळायचा नाही असा घरात नियम आहे. ‘दीपावली’चा पन्नाशीच्या दशकातील एक अंक मी कित्येक वर्षे शोधत होतो. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. मी ती दहा मिनिटे चाळली आणि फोन खाली ठेवला. पुढे मूळ अंकच सापडल्याचे पुण्याच्या एका विक्रेत्याने कळवले, तर त्याला उलट फोन करावासा वाटला नाही. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना नेहमीप्रमाणे अंकांचे गठ्ठे आणले, पण त्यांची सुतळीही अजून सोडलेली नाही. सौभाग्यवती वाचनालयाची वर्गणी भरून तेथून अंक आणून वाचतात. आता आम्ही पुण्याला मुलाकडे राहायला जाणार आहोत आणि एका कपाटात मावेल तेवढेच आणा, असे तो म्हणतो. एका ग्रंथालयाला विचारले तर त्यांनी जागा नसल्याचे सांगितले. माझी आवड मेली का? सगळे रद्दीत घालावे का?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात. ज्या घरात साडेआठशे दिवाळी अंक आहेत आणि शिवाय दोन वर्षांचे कोरे गठ्ठे बांधलेल्या स्थितीत पडून आहेत, त्या घरातील गृहिणीला दिवाळीत वाचायला काही हवे म्हणून वाचनालयाची वर्गणी भरावी लागते. हे आपण कोणतीही तक्रार किंवा खंत न करता, हवापाण्याची हकिगत सांगावी तसे सांगितले आहे, आणि मला तर आपल्या दुखण्याचे मूळ तेथेच दिसते. आपल्या घरी अंक वाचण्यासाठी येत होते, ते कधीतरी नोंदवण्यासाठी येऊ लागले. सरकारी कार्यालयात आलेली वस्तू आवक-नोंदीशिवाय हलवू नये हे योग्यच आहे, परंतु निवृत्तीनंतर तो नियम आपण घरी आणला की तो आधीपासूनच घरात होता, याचा विचार करावा.

पत्राची सहा पाने मी दोनदा वाचली. त्यांत वर्षे आहेत, किमती आहेत, कोणत्या मालिकेत कोणता अंक नाही याचा हिशेब आहे. मात्र एखादी कथा, एखादे व्यंगचित्र, लहानपणी वडिलांच्या ट्रंकेतून काढून वाचलेले एखादे पान, यांचा उल्लेख कोठेही नाही. त्यावरून मला असे वाटते की, आपली आवड दोन वर्षांपूर्वी एकाएकी गेली नसून ती फार आधीच पातळ झाली होती, आणि मालिकेत खंड पडू नये या जिद्दीने इतकी वर्षे तिची जागा चालवली. त्या पीडीएफने जिद्दीला धक्का दिला, आणि आता काय उरले हे आपल्याला समजेनासे झाले.

ही जिद्द तशीही पुरी होणारी नव्हती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत निघालेल्या अंकांची पूर्ण यादीही हाती नाही, आणि आता तर दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात, ज्यांत गावोगावची मंडळे आणि संस्था यांचे अंकही आले. या क्षेत्रात ‘संपूर्ण संग्रह’ ही गोष्टच अस्तित्वात नाही. जो संग्राहक ती गाठायला निघतो, त्याला दर दिवाळीला आपण आणखी मागे पडल्याची जाणीव होते, आणि अशा जाणिवेत माणूस फार वर्षे आनंदी राहू शकत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक विचारणे भाग आहे. हे औदासीन्य केवळ अंकांपुरतेच आहे का? जेवणाची चव, झोप, सकाळचे फिरणे, माणसांशी बोलणे या सर्वांतूनच मन उठले असेल, तर तो प्रश्न छंदाचा नव्हे, आणि त्यासाठी संकोच न करता डॉक्टरांना भेटावे. निवृत्ती आणि पाठोपाठ राहते गाव सोडणे हे दोन्ही एकाच काळात आले की मनावर ताण येतो. आपल्या पत्रात गोदाकाठच्या फेरफटक्याचे आणि नातीचे वर्णन इतक्या उत्साहाने आले आहे की मला तशी शंका फारशी वाटत नाही, तरीही हे आपले आपण तपासावे.

आता त्या पीडीएफविषयी. आपल्याला धक्का बसला तो दुर्मिळ वस्तू फुकट आणि घरबसल्या मिळाल्याचा. मजकुरापुरते बोलायचे तर ही चांगलीच गोष्ट आहे, कारण जो मजकूर चार कपाटांत अडकून होता तो आता कोणालाही वाचता येतो. परंतु दिवाळी अंक हा केवळ मजकूर नसतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ची खिडकीचित्रे आठवा. पानाला पाडलेल्या खिडकीतून पाहताना काहीतरी वाह्यात चालल्याचा भास होतो आणि पान उलटल्यावर अगदी सोवळा प्रसंग निघतो. हा सगळा विनोद कागद कापण्यात आणि पान उलटण्यात आहे. फोनच्या पडद्यावर त्याची नुसती दोन चित्रे होतात आणि हसू येत नाही. ‘दीपावली’ तर दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने स्वतः काढलेला अंक. त्याच्या मुखपृष्ठाचा रंग दोन बोटांएवढ्या चित्रात पाहून समाधान न होणे, हे आपली नजर अद्याप शाबूत असल्याचेच लक्षण मानावे. शिवाय पीडीएफ करणारे पुष्कळदा जाहिरातींची पाने गाळतात, आणि अर्धा काळ तर त्या जाहिरातींतच असतो.

तरीही पुण्याच्या विक्रेत्याकडून तो अंक यंदा घेऊ नये, असेच मी सांगेन. इच्छा नसताना घेतलेला अंक रजिस्टरमधील एक रिकामी ओळ भरील, त्यापलीकडे काही करणार नाही. त्या गृहस्थांना मात्र आजच फोन करून तसे कळवावे. आपल्या होकाराच्या भरवशावर त्यांनी कदाचित तो अंक अजूनही बाजूला ठेवला असेल.

यानंतर ते दोन गठ्ठे सौभाग्यवतींच्या स्वाधीन करावेत आणि सुतळीही त्यांनाच सोडू द्यावी. नोंद करू नये. अंकावर चहाचा डाग पडला किंवा पानाचा कोपरा दुमडला तरी काही बोलू नये. त्यांना जे आवडेल ते त्यांनी आपल्याला वाचून दाखवावे, अशी विनंती करावी. नोंदीच्या त्या नियमाबद्दल त्या प्रथम थोडे बोलतील, ते ऐकून घ्यावे. येत्या दिवाळीला पंधरा-वीस अंकांऐवजी दोनच घ्यावेत, एक आपल्या पसंतीचा आणि एक त्यांच्या. मालिकेत खंड पडेल. पडू द्यावा.

गेलेला उत्साह जसाच्या तसा परत येतो असे मी म्हणणार नाही, कारण तिशीतला शोधाचा हव्यास साठीत परत यावा अशी अपेक्षाही बरी नव्हे. पण ज्याच्याकडे एवढा साठा आहे त्याला एक गोष्ट शक्य आहे, जी आम्हा नुसत्या वाचकांना शक्य नाही: तो एकाच वर्षाचे अनेक अंक शेजारी शेजारी मांडू शकतो. आतापर्यंत आपण अंक नावाप्रमाणे लावले, म्हणजे ‘हंस’ एका फळीवर आणि ‘मौज’ दुसऱ्या. एकदा ते वर्षाप्रमाणे लावून पाहा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. त्या शरद ऋतूतील अंकांत नव्या राज्याविषयी काय काय लिहून आले आहे, कोणी हर्ष केला आणि कोणी कुरकुर केली? चीनचे आक्रमण २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाले आणि त्या वर्षीची दिवाळी त्याच महिन्याच्या अखेरीस होती, म्हणजे बहुतेक अंकांचा मजकूर त्यापूर्वीच जुळवून झालेला असणार. युद्ध दाराशी आले असताना मराठी वाचक कोणत्या कथा वाचत बसला होता, हे त्या अंकांखेरीज दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. आणि १९६३चे अंक त्यांच्या शेजारी ठेवले तर सूर किती बदलला तेही दिसेल. आणीबाणीत तर दोन दिवाळ्या आल्या, १९७५ची आणि १९७६ची. सेन्सॉरच्या धाकात संपादकीये कशी लिहिली गेली, व्यंगचित्रकारांनी कोणते विषय टाळले, कोणी आडवळणाने काय सुचवले, हे शोधायला बसलात तर एक पावसाळा अपुरा पडेल असे मला वाटते.

राजकारणात रस नसेल तर चित्रे आहेत. दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याचे आणि जवळजवळ एकाच वयाचे. एकाच दिवाळीची त्यांची मुखपृष्ठे जोडीने लावावीत आणि दोघांनी मराठी स्त्री कशी रंगवली, तिच्या हातात दिवा दिला की फुले, नऊवारी जाऊन पाचवारी केव्हा आली, ते पाहावे. केशतेलाच्या आणि रेडिओच्या जाहिरातींवरून एका मध्यमवर्गीय घराची चाळीस वर्षांची खरेदी मांडता येईल. मला व्यक्तिशः वार्षिक राशिभविष्यांचा फार मोह पडतो: घडून गेलेल्या वर्षाचे भविष्य वाचण्यासारखी करमणूक नाही. यांपैकी काहीही निवडा किंवा हे सर्व सोडून आपला स्वतःचा विषय काढा. अट एवढीच की ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा एखादा प्रश्न घेऊन अंकांकडे जावे. तो प्रश्न असला म्हणजे रद्दीच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकण्यालाही अर्थ येतो, कारण आता नेमके काय शोधायचे हे माहीत असते.

तोवर संग्रह टिकला पाहिजे, आणि नाशिकचा पावसाळा आपल्या मनःस्थितीची वाट पाहणार नाही. जुन्या अंकांचा कागद बहुधा लाकडाच्या हलक्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल असते, आणि उजेड व दमट हवा लागली की तो पिवळा पडून कडा मोडू लागतात. मधल्या पिना गंजल्या असतील तर त्या पातळ पात्याने उकलून काढाव्यात आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कदापि लावू नये. काही वर्षांनी चिकटपट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, आत ओल धरते. कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढावे, गठ्ठे आडवे आणि बेताच्या उंचीचे ठेवावेत, आणि कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत अजूनही चांगली आहे. वाळवीची शंका असेल तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये.

राहिला मुलाच्या कपाटाचा प्रश्न. मुलगा वाईट बोललेला नाही, पुण्यातील घरे केवढी असतात ते आपण जाणता. एक कपाट म्हणजे दाटीने दीड-दोनशे अंक बसतील, आणि निवडलेल्या प्रश्नासाठी तेवढे पुरेसे आहेत. उरलेल्यांचे काय करायचे ते निरुत्साहाच्या भरात ठरवू नये. रद्दीवाल्याला तर मुळीच बोलावू नये. ग्रंथालयाने नकार दिला तो ‘साडेआठशे दिवाळी अंक आहेत’ एवढेच ऐकून दिला असावा. कोणत्याही ग्रंथपालाला हे वाक्य म्हणजे धूळ, कसर आणि जागेची अडचण असेच ऐकू येते. त्यांच्यापुढे वर्षवार सूची ठेवली, जिच्यात संपादकाचे आणि मुखपृष्ठकाराचे नाव, अंकाची अवस्था आणि गहाळ पाने यांची नोंद आहे, तर बोलणे वेगळे होईल, कारण आपल्याकडे कोणता अंक नाही हे त्यांना त्यावरून पाहता येईल. ते सगळा संग्रह घेणार नाहीत, पण शे-दोनशे अंक मागून घेतील. ठाण्याचे किंवा मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय, विद्यापीठांचे मराठी विभाग, जुन्या नियतकालिकांवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, अशा सर्वांना ही सूची पाठवता येईल. ज्या रजिस्टरविषयी मी वर इतके कठोर लिहिले, त्याच्यावरूनच ती तयार होणार आहे, त्यामुळे आपले निम्मे काम आधीच झालेले आहे. सूची संगणकावर चढवण्याचे काम मुलाकडे द्यावे. कपाटाची अट त्याने घातली आहे, तेव्हा शनिवार-रविवारचे दोन तास त्याच्याकडून मागून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.