जागतिक जोखमींकडे समाजशास्त्र कुठून बघतं, याने फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच. जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिक बेकने 'जोखीम समाजा'ची (म्हणजे आधुनिकतेनेच जन्माला घातलेल्या धोक्यांनी घडणाऱ्या समाजाची) मांडणी १९८६ मध्ये पश्चिम जर्मनीत केली, चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेच्याच वर्षी. पोटाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला देश तो. किरणोत्सर्गी ढग श्रीमंत-गरीब बघत नाही, हे तिथे पटण्यासारखंच होतं.

आता यवतमाळ, २०१७. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. औषध जागतिक बाजारातलं, पण पाठीवर पंप कोणाच्या? मजुराच्या, नाहीतर अल्पभूधारकाच्या. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागलेली, म्हणजे फवारा थेट तोंडावर. त्या उकाड्यात मास्क आणि हातमोजे घालून कोण टिकतं? तरी 'काळजी घेतली नाही' म्हणत खापर त्याच्याच डोक्यावर.

धोके गरिबांकडे जास्त साचतात हे बेकलाही मान्य होतं, पण त्याच्या मांडणीत ती बाजूची गोष्ट. वऱ्हाडातून सुरुवात केली की तीच मुख्य होते (माझ्या मते व्हायलाच हवी). मग प्रश्नही निराळे पडतात: कृषी केंद्रवाल्याने उधारीवर कोणती बाटली दिली, सोबत आणखी काय मिसळायला सांगितलं, आणि मजुरी रोजावर ठरली होती की फवारलेल्या पंपांच्या संख्येवर.